प्रोजेक्टर घेण्याआधी खोली काळी करा

घरात सिनेमासाठी स्वतंत्र खोली काढायची ठरली, की पहिली चर्चा होते ती प्रोजेक्टरच्या लुमेनची. 2000 पुरतील का, 3000 घ्यावेत का, जरा जास्तच असलेले बरे, अशी ती पुढे सरकते. मग फोर-के येते, मग लेझर, आणि पैसे संपत आल्यावर कुणीतरी विचारते, भिंतींना रंग कुठला द्यायचा? माझ्या मते हा क्रम उलटा हवा. सिनेमासाठीच राखलेल्या खोलीत चित्राचा दर्जा आधी खोलीच्या अंधारावर आणि यंत्राच्या कॉन्ट्रास्टवर ठरतो. प्रखरता आणि पिक्सेल यांचा नंबर त्यानंतर लागतो. हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही, शाळेतल्या गणिताने तो तपासून पाहता येतो.

आधी प्रखरतेचे पाहू. डिजिटल चित्रपटगृहांच्या मानकानुसार पडद्यावरचा पांढरा रंग 48 निट, म्हणजे दर चौरस मीटरला 48 कॅन्डेला, एवढा उजळ असावा लागतो. आपल्या हातातला मोबाइल उन्हात याच्या कितीतरी पट उजळ असतो, तरी थिएटरच्या अंधारात 48 निटांचे चित्र भरपूर लखलखीत वाटते. आता घरातला 120 इंची पडदा घ्या. तो 2.66 मीटर रुंद आणि 1.49 मीटर उंच, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास 4 चौरस मीटर. साधा मॅट पांढरा पडदा असेल, तर 48 निटांसाठी त्याच्यावर सुमारे 600 लुमेन प्रकाश पडला की काम भागते. 100 इंची पडद्याला तर सव्वाचारशेही लागत नाहीत. म्हणजे 3000 लुमेनचे यंत्र अंधाऱ्या खोलीत गरजेच्या पाचपट प्रकाश ओतते.

यावर कोणीही जाणकार हरकत घेईल, की खोक्यावर छापलेले लुमेन पडद्यापर्यंत पोहोचतच नाहीत. हरकत रास्त आहे. छापलेला आकडा बहुधा सर्वांत भडक मोडमधला असतो. त्या मोडमध्ये चित्र हिरवट दिसते, आणि रंग नीट दाखवणाऱ्या सिनेमा मोडवर आलो की प्रकाश बराच उतरतो. लेझरचे आयुष्य 20,000 तास असे सांगतात तेव्हा बहुतेक वेळा प्रकाश निम्म्यावर येईपर्यंतचे तास अभिप्रेत असतात. शिवाय काही स्वस्त यंत्रांवर पडद्यावरचा प्रकाश न मोजता आतल्या दिव्याचाच आकडा लिहिलेला असतो. म्हणून पडद्यावर नऊ ठिकाणी मोजून सरासरी काढलेले एएनएसआय लुमेनच विचारावेत. हे सगळे वजा जाता 1500 ते 2000 खरे लुमेन 120 इंचांना पुरून उरतात. त्यापुढचा प्रत्येक लुमेन डोळ्याला फारसा जाणवतही नाही. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी दाखवून दिले, की उजेडाची जाणीव प्रत्यक्ष प्रकाशाच्या साधारण घनमुळाच्या प्रमाणात वाढते. प्रकाश दुप्पट केला तर चित्र जेमतेम सव्वापट उजळ वाटते. दुप्पट उजळ वाटायला आठपट प्रकाश लागतो.

खरी अडचण दुसऱ्या टोकाला आहे. प्रोजेक्टर फक्त प्रकाश फेकतो, त्याच्यापाशी काळा रंग नाही. चित्रातला काळा भाग म्हणजे पडद्यावरची ती जागा, जिथे प्रकाश कमीत कमी पोहोचला. हा उरलेला प्रकाश दोन वाटांनी येतो. एक वाट यंत्राच्या आतली. डीएलपी प्रोजेक्टरमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये शोधलेली चिप असते. तिच्यावर लक्षावधी आरसे असतात, एकेक आरसा केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहून लहान. आरसा एका बाजूला कलला की प्रकाश लेन्सकडे जातो, दुसरीकडे कलला की बाजूच्या शोषक भागावर पडतो. पण आरशांच्या कडांवरून आणि मधल्या फटींतून थोडा प्रकाश विखुरतो आणि लेन्समधून बाहेर पडतोच. एलसीडीमध्ये ध्रुवीकरणाचे फिल्टर प्रकाश पूर्ण अडवू शकत नाहीत. एलसीओएस प्रकारात, म्हणजे जेव्हीसीच्या डी-आयएलए आणि सोनीच्या एसएक्सआरडी चिपमध्ये, विजेची जोडणी परावर्तक थराच्या मागे लपवलेली असते. तिथे फटी अगदी कमी राहतात आणि गळतीही कमी होते. म्हणून घरगुती डीएलपीचा मूळ कॉन्ट्रास्ट हजार-दोन हजारास एकच्या आसपास अडकतो, तर चांगली एलसीओएस यंत्रे दहा हजारांच्या बरीच पुढे जातात.

या आकड्यांचा डोळ्यांवर होणारा परिणाम पाहा. पांढरा 50 निट आणि कॉन्ट्रास्ट 1000:1 असेल तर काळा 0.05 निट येतो. अंधाराला सरावलेला डोळा याच्या हजारो पट मंद प्रकाशही टिपतो, त्यामुळे हा काळा त्याला स्वच्छ राखाडी दिसतो. रुंद चौकटीच्या सिनेमात वरखाली ज्या काळ्या पट्ट्या येतात, त्या अशा यंत्रावर धुरकट भिंतीसारख्या उजळून राहतात. 2018 च्या ‘तुंबाड’मधल्या वाड्याचा काळोख अशा पडद्यावर काळोख राहतच नाही, नुसते मळके चित्र उरते. आणि इथेच जास्त लुमेनचा सौदा उलटतो. त्याच कॉन्ट्रास्टचे पण तिप्पट प्रखर यंत्र आणले, तर पांढरा 150 निटांवर जातो आणि काळाही तिप्पट उजळ होऊन 0.15 निटांवर येतो. पैसे मोजून राखाडी रंग वाढवून घेतल्यासारखे ते झाले.

दुसरी वाट खोलीची, आणि घरोघरी दुर्लक्ष होते ते हिच्याकडेच. पडद्यावरून परतलेला प्रकाश भिंती, छत, फरशी यांच्यावर आपटून पुन्हा पडद्यावर येतो, आणि येताना काळ्या-पांढऱ्या भागांत फरक करत नाही. सुमारे 16 बाय 13 फुटांची, 10 फूट उंच खोली धरू. पांढऱ्या पीओपीचे छत, फिक्या भिंती, चकचकीत टाइल्स असलेली अशी खोली सरासरी 60 टक्के प्रकाश परत फेकते असे मानले, तर 120 इंची पडद्यावर अर्धे चित्र पांढरे असताना काळा-पांढऱ्यातला फरक सुमारे 30:1 एवढाच उरतो. यंत्रावर लाखास एक लिहिलेले असले तरी. तीच खोली गडद, बिनचकाकीच्या रंगाने रंगवून आणि खाली गालिचा टाकून परावर्तन 10 टक्क्यांवर आणले, तर हीच मर्यादा 400:1 च्या वर जाते. रात्रीच्या प्रसंगात, चित्र सरासरी एक टक्काच उजळ असताना, पांढरी खोली दीड हजाराच्या पुढे जाऊ देत नाही. गडद खोली वीस हजारांपर्यंत मोकळीक देते. हे ढोबळ गणित आहे, फर्निचर आणि खोलीच्या आकारानुसार आकडे इकडेतिकडे होतील, पण दहा-बारा पटींचा फरक पुसला जाणार नाही. महागडे एलसीओएस यंत्र आणून ते पांढऱ्या खोलीत टांगले, तर त्याची जी खासियत विकत घेतली तीच भिंती गिळून टाकतात.

बाहेरून झिरपणाऱ्या उजेडाचेही तसेच. मेणबत्तीपासून एक मीटरवर साधारण 1 लक्स प्रकाश पडतो. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून पडद्यावर एवढाच उजेड आला, तरी काळा 0.3 निटांवर चढतो, म्हणजे वर सांगितलेल्या 0.05 च्या सहापट. एसीच्या उजळ आकड्यांवर चिकटपट्टी लावणे हा वेडेपणा नाही.

आता एचडीआरचा, म्हणजे उजळ-गडद टोकांमधला आवाका वाढवलेल्या चित्राचा, मुद्दा. हे चित्र 1000 निट किंवा त्याहून उजळ पडद्यांसाठी तयार होते, मग लुमेन वाढवायलाच हवेत, असा युक्तिवाद होतो. पण 120 इंचांवर 1000 निट आणायला साडेबारा हजारांच्या आसपास खरे लुमेन लागतील. तसे यंत्र कोणी घरात लावत नाही. प्रोजेक्टरला हे चित्र दाबूनच दाखवावे लागते, आणि चित्राचा आवाका वाढवायला जागा खालच्या, काळ्या टोकालाच असते. चित्रपटगृहांनीही तेच केले. डॉल्बी सिनेमा या पद्धतीत पांढरा 48 वरून 108 निटांवर, म्हणजे सव्वादोन पट, गेला. कॉन्ट्रास्ट मात्र कंपनी दहा लाखांस एक सांगते, आणि प्रेक्षागृहाच्या भिंती गडद, बिनचकाकीच्या ठेवते. या पद्धतीचे देशातले पहिले थिएटर 2025 मध्ये पुण्यात खराडीला सुरू झाले. होम थिएटरचे बजेट ठरवण्याआधी तिथे एखादा चित्रपट पाहावा, आणि नजर पांढऱ्यापेक्षा काळ्यावर ठेवावी.

पिक्सेलचे महत्त्व मी नाकारत नाही. चांगली नजर साधारण एका कलेइतका, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतका, तपशील ओळखते. साडेतीन मीटरवरून हे अंतर पडद्यावर एक मिलिमीटर होते. 120 इंचांवर फुल एचडीचा पिक्सेल 1.4 मिलिमीटरचा, फोर-केचा 0.7 चा. म्हणजे फोर-केचा फायदा आहे, पण त्यातला काही भाग डोळ्याच्या मर्यादेपलीकडे वाया जातो. शिवाय बरीच डीएलपी यंत्रे फुल एचडीचीच चिप झटपट चार जागी सरकवून फोर-के साधतात आणि त्या अंतरावरून ते पुरेसे दिसते. खऱ्या फोर-के चिपसाठी कॉन्ट्रास्टवर पाणी सोडावे लागत असेल, तर मी सोडणार नाही.

सर्वांत वजनदार हरकत टीव्हीची आहे. ओएलईडी टीव्हीत प्रत्येक पिक्सेल पूर्ण विझतो, उजेडाच्या खोलीतही चित्र टिकते. ज्यांना भिंती काळ्या करायच्या नाहीत, खोलीत मुलांचा अभ्यासही चालणार आहे, त्यांनी खरोखर मोठा टीव्हीच घ्यावा. वरून येणारा उजेड अडवणारे खास पडदे मिळतात, ते दिवाणखान्यात उपयोगी आहेत, पण पडद्याच्याच प्रकाशाने उजळलेल्या समोरच्या भिंतीवर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. प्रोजेक्टरला अर्थ आहे तो 120 इंच आणि त्यापुढे, अंधाऱ्या खोलीत. तिथे मात्र त्या मापाचे चित्र त्या पैशांत दुसरे काही देत नाही.

सगळी खोली काळी करणे घरच्यांना जड जात असेल, तर निदान पडद्याजवळचा तिसरा हिस्सा, छतासकट, गडद करावा. सर्वाधिक प्रकाश तिथूनच परततो. गडद निळा किंवा मरून चालतो, रंग चमकणारा मात्र नसावा. छताला मखमली कापड लावले तर उत्तमच. मग यंत्राची जागा. पडद्याच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागणारी लेन्स असेल, तर 120 इंचांसाठी यंत्र चार मीटरवर जाते, आणि आपल्याकडच्या बहुतेक खोल्यांत झोताच्या वाटेत नेमका पंखा येतो. यंत्र थोडे खाली किंवा बाजूला घ्यावे लागते. तेव्हा चित्र चौकोनी ठेवायला लेन्स शिफ्ट, म्हणजे यंत्र न हलवता लेन्स सरकवून चित्र हलवण्याची सोय, हवी. किस्टोनची, म्हणजे तिरप्या झोतामुळे वाकड्या झालेल्या चित्राची, डिजिटल दुरुस्ती पिक्सेल वाया घालवते, आणि सोडून दिलेल्या कोपऱ्यांत राखाडी उजेड उरतो.

दुकानात डेमो पाहताना दिवे बंद करायला सांगावे, दहा मिनिटे डोळे अंधाराला सरावू द्यावेत आणि पूर्ण काळे चित्र लावायला लावावे. डायनॅमिक आयरिस, म्हणजे गडद दृश्यांत प्रकाश आपोआप अडवणारी झडप, आणि लेझर मंद करण्याची सोय सेटिंगमधून बंद करायला सांगावी, कारण लाखालाखांचे आकडे बहुधा त्यांच्याच जोरावर छापलेले असतात. मग काळ्या पडद्यावर एका कोपऱ्यात पांढरी अक्षरे आणावीत, आणि उरलेला पडदा किती राखाडी दिसतो ते पाहावे.