अंगठ्याचे नख रुतते तेव्हा…

पायाच्या अंगठ्याला पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही, बूट घालणे तर दूरच, अशी तक्रार पुष्कळांची असते. अंगठा नीट पाहिला तर नखाची कड बाजूच्या मांसात रुतलेली दिसते. बरेचजण यालाही नखुरडेच म्हणतात.

असे का होते?
हाताच्या नखांप्रमाणे पायाची नखेही आपण कोपऱ्यात गोल व खोल कापतो. तेथे नजरेआड एक अणकुचीदार टोक शिल्लक राहते. नख वाढू लागले की हे टोक काट्यासारखे मांसात घुसते. निमुळते, घट्ट बूट, पायाला येणारा घाम आणि ठेच यांची त्यात भर पडते. आधी कड लाल होऊन सुजते. मग पू धरतो. पुढे तेथे लाल, मऊ मांस वाढते व जरा धक्का लागताच रक्त येते.

घरी काय करावे?
नुसती सूज असेल तर दिवसातून तीन-चार वेळा १५ ते २० मिनिटे कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवावा. नंतर बोट कोरडे करून सुजलेली कातडी नखापासून हलकेच मागे सारावी. पुढून मोकळी चप्पल वापरावी. दुखरा कोपरा ब्लेडने कोरू नये. त्याने तात्पुरते बरे वाटते, पण नवे टोक मागे राहते व दुखणे उलटते. बोटावर लिंबू बसवणे, चुना लावणे हे उपायही टाळावेत. जखमेची आग होऊन कातडी भाजते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?
पू झाला, मांस वाढले किंवा चार-पाच दिवसांत उतार पडला नाही, तर अवश्य जावे. नुसत्या गोळ्यांनी रुतलेले टोक निघत नाही. बोट बधिर करून नखाची तेवढीच कड काढता येते. त्रास वारंवार होत असेल तर त्या कडेच्या मुळाला फिनॉल लावतात, म्हणजे तेवढी पट्टी सहसा पुन्हा उगवत नाही. संपूर्ण नख काढण्याची गरज क्वचितच पडते. काढलेच तर ते पूर्ण वाढायला वर्ष-दीड वर्ष लागते.

मधुमेहींनो, सावधान!
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना मंदावते व रक्तपुरवठा कमी होतो. त्यामुळे नख रुतले तरी दुखत नाही आणि जखम चिघळत जाते. प्रसंगी बोट कापण्याची वेळ येते. अशा रुग्णांनी घरगुती उपचारात एक दिवसही घालवू नये. रोज रात्री पाय धुऊन उजेडात पाहावेत. नजर अधू असेल तर घरच्यांनी पाहावेत.

एवढे लक्षात ठेवा
पायाचे नख सरळ रेषेत कापावे, कोपरे बोटाच्या कडेबाहेर राहू द्यावेत आणि नख फार आखूड करू नये. आंघोळीनंतर नखे मऊ असतात, तेव्हा ती कापणे सोपे जाते. मुलांचे बूट आखूड होऊ लागले की वर्ष संपण्याची वाट न पाहता बदलावेत.