कोर्टाच्या दप्तरातला कागद

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असतो. त्याच तळ्यावरून पुढे दहा वर्षे कोर्टात काय चालले, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. डिसेंबरात महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी तिथल्याच दुय्यम न्यायाधीशांच्या कोर्टात त्यांच्यावर दावा लावला. दाव्याचा नंबर ४०५, साल १९२७. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला आणि महिनाअखेरच्या परिषदेत पुन्हा तळ्यावर जाण्याचा बेत बाबासाहेबांना थांबवावा लागला. २३ फेब्रुवारी १९२८ ला ती मनाई उठली. ८ जून १९३१ ला दावा फेटाळला गेला, ३० जानेवारी १९३३ ला ठाण्यात अपील फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने तोच निकाल कायम केला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही.

तालुक्याच्या एका कोर्टातला हा दावा आज तारीखवार सांगता येतो, कारण त्याचा कागद राहिला. महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्याच्या कोर्टात असे कागद आहेत. त्यांत वाटपाचे दावे आहेत, बांधावरची भांडणे आहेत, वारस दाखले, पोटगीचे अर्ज, अपघाताची भरपाई, फौजदारी खटले आहेत. अनेक घरांचा जमिनीवरचा हक्क अशाच एखाद्या जुन्या हुकूमनाम्यावर उभा आहे, आणि तो हुकूमनामा घरातल्या कुणीच पाहिलेला नाही. ‘आजोबांच्या वेळी केस झाली होती, आपण जिंकलो होतो’ एवढेच पुढच्या पिढीला माहीत असते. कागद कोर्टातून रीतसर मागता येतो, त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसते.

कागद मागायचा तर तीन गोष्टी कळायला हव्यात: कोर्ट कोणते, नंबर काय आणि वर्ष कोणते. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार दाखल झालेला प्रत्येक दावा नोंदवहीत चढवावा लागतो आणि दर वर्षी नंबर नव्याने सुरू होतात. त्यामुळे वर्षाशिवाय नुसता ४०५ सांगून काही उपयोग नाही. नंबरामागे प्रकरणाचा प्रकारही लागतो. आपल्याकडे ‘रे. मु. नं.’ म्हणजे साधा दिवाणी दावा, ‘स्पे. मु. नं.’ म्हणजे वरिष्ठ स्तरावरचा विशेष दावा. हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागितली की ती ‘दरखास्त’ होते आणि तिला वेगळा नंबर पडतो. फौजदारीत आर.सी.सी., एस.सी.सी., सेशन्स केस असे प्रकार आहेत. एकाच वर्षात एकाच कोर्टात १२ नंबरचा दावाही असतो आणि १२ नंबरची दरखास्तही. अर्जात प्रकार चुकला तर भलतेच दप्तर निघते.

गेल्या काही वर्षांतले प्रकरण असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर ते घरबसल्या शोधता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. तिथे प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. त्यातली पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढची दोन जिल्ह्याची आणि शेवटचे चार अंक वर्षाचे. हा नंबर हाती असला की कोर्ट कोणते, प्रकार कोणता हे प्रश्न उरतच नाहीत. तो नसेल तर जिल्हा आणि कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने, वकिलाच्या नावाने किंवा पोलीस ठाणे आणि गुन्हा नंबर देऊन शोध घ्यावा. नावाने शोधताना धीर लागतो. नावे बहुतेक इंग्रजी लिपीत चढवलेली असतात आणि एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. आधी नुसते आडनाव टाकावे, मग नुसते पहिले नाव, मग कागदोपत्री असलेले नाव. गावात ज्याला बाळू म्हणतात तो कोर्टात बाळासाहेब असतो किंवा बाळकृष्ण. शोधताना प्रलंबितबरोबर निकाली प्रकरणेही निवडावीत. ती राहून गेली की संपलेला दावा पडद्यावर दिसत नाही आणि तो कधी झालाच नव्हता असा चुकीचा समज होतो.

जुने प्रकरण तिथे सापडेलच असे नाही. ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्र सरकारने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. जुन्या दप्तरांचे स्कॅनिंग त्याच टप्प्यात धरलेले आहे, पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या दाव्यासाठी अजून रेकॉर्ड रूमच गाठावी लागते. नंबर माहीत नसेल तर आधी घरातले आणि तलाठ्याकडचे कागद चाळावेत. कोर्टाच्या हुकूमनाम्यावरून वाटप झाले असेल तर त्या फेरफार नोंदीत बहुधा दाव्याचा नंबर सापडतो. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात मनाई हुकमाची नोंद असू शकते. जुने समन्स, बेलिफाने लावलेली नोटीस, वकिलाची पावती यांतले काहीही चालते.

जमीन किंवा फ्लॅट घेणाऱ्यांनी आणखी एक जागा पाहावी. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५२व्या कलमात आपल्याकडे मुंबई प्रांताच्या काळापासून दुरुस्ती आहे. तिच्यानुसार मिळकतीवर दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवता येते, आणि सूची क्रमांक दोनच्या शोधात ती दिसते. ज्याने अशी नोटीस नोंदवलीच नाही त्याचा दावा तिथे दिसणार नाही, म्हणून कोर्टातला शोधही घ्यायलाच हवा.

कोर्ट कोणते, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. महाडचा दावा कुलाबा जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या रायगडातला, पण त्याचे अपील चालले ठाण्यात. जिल्ह्यांच्या सीमा बदलतात आणि दप्तर नेहमीच त्यांच्याबरोबर हलत नाही. पालघर जिल्हा २०१४ मध्ये ठाण्यातून निघाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून, सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून. त्याआधीच्या प्रकरणाची चौकशी दोन्ही ठिकाणी करावी. मराठवाड्यातले निजामकाळचे कागद उर्दूत असतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात दाव्याला जोडलेले जुने दस्त मोडीत निघतात आणि त्यांच्यासाठी मोडी वाचणारा माणूस गाठावा लागतो. मुंबईची रचना तर वेगळीच आहे. भाडेकरू आणि घरमालकांचे दावे लघुवाद न्यायालयात, इतर पुष्कळसे दिवाणी दावे नगर दिवाणी न्यायालयात, आणि जुन्या मृत्युपत्राचे प्रोबेट थेट उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत.

गोव्यात वारसांमधली वाटणी ‘इन्व्हेंटरी’ या कोर्टाच्या कार्यवाहीतून होते आणि १९६१ पूर्वीची कागदपत्रे पोर्तुगीजमध्ये आहेत. मुंबईत किंवा परदेशात स्थायिक झालेल्या गोवेकर कुटुंबांना घराचा हिस्सा मागताना हेच कागद लागतात.

आणखी एक घोटाळा वारंवार होतो. ‘तहसीलला केस चालली’ असे लोक म्हणतात ते महसुली प्रकरण असते. तहसीलदार, प्रांत, अपर जिल्हाधिकारी यांच्यापुढची प्रकरणे महसूल कायद्याखाली चालतात. त्यांचे दप्तर महसूल कार्यालयात असते. दिवाणी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये ते कितीही शोधले तरी सापडणार नाही.

कोर्ट आणि नंबर कळला की नक्कल विभागात अर्ज द्यायचा. त्यात कोर्टाचे नाव, प्रकरणाचा प्रकार, नंबर, वर्ष, दोन्ही बाजूंची नावे, निकालाची तारीख आणि कोणकोणते कागद हवेत ते लिहायचे, वर कोर्ट फी स्टँप लावायचा. नक्कल साधी हवी की तातडीची, तेही सांगायचे. ‘पूर्ण फाईल’ असे मोघम मागण्यात पैसा आणि वेळ दोन्ही जातात. कोर्टात दाखल झालेल्या कागदाला ‘निशाणी’चा क्रमांक पडतो. वादपत्र बहुधा निशाणी १ आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज निशाणी ५. दिवाणी वकिलांच्या बोलण्यात ‘निशाणी पाचचा हुकूम’ म्हणजे मनाईचाच हुकूम. रोजनाम्यात प्रत्येक तारखेला काय घडले त्याची नोंद असते. आधी निकालपत्र, हुकूमनामा, रोजनामा आणि निशाण्यांची यादी एवढेच मागावे. ते वाचले की पुढे कोणती निशाणी मागायची ते कळते.

नुसता नंबर शोधण्यासाठी किंवा फाईल डोळ्यांनी पाहण्यासाठीही वेगळा अर्ज असतो. अपील झाले असेल तर मूळ फाईल वरच्या कोर्टाने मागवून घेतलेली असू शकते. ‘आर अँड पी वर गेली आहे’ असे उत्तर मिळाले तर त्याचा अर्थ एवढाच की ती अपील कोर्टात आहे. मग तिथे चौकशी करावी. कोर्टाच्या फाईलमध्ये नोंद असूनही जुने खरेदीखत तिथे न सापडणे हेही नेहमीचे आहे. निकालानंतर पक्षकाराला आपले मूळ दस्त परत नेता येतात, आणि पुष्कळांनी ते नेलेले असतात.

हा कागद मागण्याचा अधिकार कुणाला? पक्षकाराला तो आहेच, त्याला कारण सांगावे लागत नाही. तिऱ्हाइताला कारण द्यावे लागते, बहुधा प्रतिज्ञापत्रही, आणि न्यायाधीशांची परवानगी लागते. संशोधक, पत्रकार, जमीन विकत घेऊ पाहणारा माणूस, सगळे या वर्गात येतात. दुसऱ्याने हजर केलेले खासगी दस्त मिळवणे निकालपत्राच्या नकलेपेक्षा अवघड जाते. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून हा टप्पा ओलांडता येईल असे अनेकांना वाटते, पण ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ते दार बंद केले. न्यायिक कागदांच्या नकला त्या त्या उच्च न्यायालयाच्या नियमांनीच मिळतील, असे तिथे ठरले. या निकालाची बाजू समजून घेता येते, तरी त्यातून जबाबदारी कोर्टांवरच येते: नियमांचा मार्ग खेड्यातून आलेल्या माणसालाही वकिलाशिवाय चालता येईल इतका सरळ असला पाहिजे.

फौजदारीत आरोपीचा हक्क अधिक ठळक आहे. कैदेची शिक्षा झाली की निकालाची प्रत त्याला तिथल्या तिथे मोफत द्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४०४व्या कलमात हे आहे, आणि निकालाने ज्याच्यावर परिणाम होतो अशा इतर व्यक्तीलाही शुल्क भरून नक्कल मागता येते. एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला, संवेदनशील गुन्हे वगळून. दोषारोपपत्राला मात्र हे लागू नाही, असे त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. लैंगिक अत्याचाराचे, बालकांचे आणि बंद दाराआड चाललेले कौटुंबिक खटले यांच्या कागदांवर निर्बंध आहेत, आणि ते असायलाच हवेत. पीडितेचे नाव उघड करणे हा गुन्हा आहे.

सगळे कागद कायमचे राहत नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवे. १९१७ च्या अभिलेख नाश कायद्याखाली उच्च न्यायालये नियम करतात आणि त्यांनुसार ठरावीक मुदतीनंतर किरकोळ कागद नष्ट केले जातात. निकालपत्र आणि हुकूमनामा यांचे आयुष्य त्यांच्यापेक्षा मोठे. ज्यांच्याकडे फक्त आठवण आहे आणि कागद नाही, त्यांनी हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नये. पैशाची अडचण असेल तर प्रत्येक जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग, कैदी आणि कमी उत्पन्न असलेले लोक यांना तिथे मोफत मदत मिळते, आणि तिच्यात नकला मिळवून देणेही येते.

नक्कल हाती आली की तिच्या मागचा शिक्का पाहावा. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, या तारखा तिथे असतात आणि अपिलाची मुदत मोजताना त्यांना मोल असते. जिल्हा न्यायालयात दिवाणी अपिलाला ३० दिवस मिळतात, उच्च न्यायालयात ९०. मुदतीच्या कायद्याचे १२वे कलम नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस यातून वगळते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात एक बारीक अट आहे: नकलेचा अर्ज देण्याआधी हुकूमनामा तयार करण्यात कोर्टाने घेतलेला वेळ वगळला जात नाही. हुकूमनामा तयार व्हायची वाट पाहत बसलेल्या माणसाचे ते सगळे दिवस मुदतीत धरले जातात. अपिलाचा विचार असेल तर निकाल ऐकला त्याच दिवशी नक्कल विभागात अर्ज द्यावा आणि त्याची पोच घेऊन ठेवावी.