चाचणी-उड्डाणापूर्वीचे ब्रीफिंग

संकल्पना
नव्याने बांधलेले किंवा मोठ्या दुरुस्तीनंतरचे विमान सेवेत देण्यापूर्वी त्याचे चाचणी-उड्डाण होते. त्यात कोण काय करणार, कोणत्या क्रमाने करणार आणि कोणत्या क्षणी थांबणार, हे सर्व संबंधितांनी जमिनीवर निश्चित करणे म्हणजे ब्रीफिंग. ठरलेले हवेत परस्परांच्या कामावर लक्ष ठेवून पार पाडणे म्हणजे चमूचा समन्वय. पहिले कच्चे राहिले, तर दुसऱ्याला आधार उरत नाही.

ओझरची परंपरा
नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ च्या उत्पादनासाठी स्थापन झाला. पुढे तेथे सुखोई-३० एमकेआय तयार होऊ लागले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाचे उड्डाण झाले. अंतराळवीर राकेश शर्मा हवाई दलातून निवृत्त झाल्यावर येथे मुख्य चाचणी वैमानिक होते.

टेस्ट कार्ड
ब्रीफिंगचा कणा म्हणजे टेस्ट कार्ड. प्रत्येक चाचणीची उंची, वेग, कृतींचा क्रम आणि अपेक्षित परिणाम त्यावर नोंदलेले असतात. त्याचबरोबर विमानाची सद्यस्थिती, आधीच्या उड्डाणातील तक्रारी, इंधन, हवामान आणि चाचणीचे क्षेत्र तपासले जाते. सर्वांत महत्त्वाची असते ती थांबण्याची मर्यादा. आणीबाणीत विचाराला काही सेकंदच मिळतात. म्हणून किती उंचीखाली प्रयत्न सोडायचा, हा निर्णय आधीच घेतलेला असावा लागतो.

कामाची वाटणी
सुखोई-३० एमकेआय दोन आसनांचे आहे. एकाने विमान चालवावे, दुसऱ्याने कार्ड वाचावे, मापने पाहावीत आणि मर्यादा ओलांडली जात असल्यास तत्काळ सांगावे, अशी वाटणी करता येते. नियंत्रण कोणाकडे आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगून त्यावर दुसऱ्याचे उत्तर घेतले जाते. तेजस मार्क-१ए एकआसनी असल्याने दुसरी नजर विमानात नसते. प्रायोगिक उड्डाणांत टेलिमेट्रीद्वारे जमिनीवर मापने पाहणारे अभियंते आणि चाचणी संचालक ती उणीव भरून काढतात.

सरसचा धडा
६ मार्च २००९ रोजी ‘सरस’ या दोन इंजिनांच्या विमानाचा दुसरा नमुना बंगळुरूजवळ बिडदी येथे कोसळला. हवेत बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याची ती चाचणी होती. दोन वैमानिक आणि एक चाचणी अभियंता मृत्युमुखी पडले. इंजिन पुन्हा सुरू करण्याची पद्धतच चुकीची होती आणि ती अपुऱ्या उंचीवर वापरली गेली, असे चौकशीत आढळले. चमूतील समन्वयाचा अभाव आणि पहिला प्रयत्न फसल्यावर चाचणी न थांबवणे, ही पूरक कारणे नोंदली गेली. चमूने कार्ड काटेकोर पाळले, तरी कार्डावरची पद्धत सदोष असेल तर धोका टळत नाही. म्हणून ती पद्धत आखणारा अभियंताही ब्रीफिंगमध्ये प्रश्नांना उत्तरदायी असावा लागतो.

मर्यादा
ब्रीफिंग यांत्रिक बिघाड रोखू शकत नाही. नाशिक जिल्ह्यात जून २०१८ आणि जून २०२४ मध्ये चाचणी-उड्डाणावरील सुखोई विमाने कोसळली. दोन्ही वेळी वैमानिक इजेक्शनद्वारे बाहेर पडून वाचले. विमान केव्हा सोडायचे, हाही ब्रीफिंगचाच विषय आहे. उतरल्यावरच्या डिब्रीफिंगमध्ये अपेक्षित आणि प्रत्यक्ष यांतील फरक नोंदवला जातो आणि पुढचे टेस्ट कार्ड त्या नोंदीवरून लिहिले जाते.