एसीतील बुरशी आणि रात्रीचा खोकला

"औषधाने बरे वाटते, पण रात्री खोकला पुन्हा सुरू होतो," अशी तक्रार पुष्कळ रुग्ण करतात. निजायच्या खोलीत एसी असेल आणि तो लावताच कुबट वास येत असेल, तर बुरशीचा संशय घ्यावा.

एसीच्या थंड कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी होते आणि ते नळीवाटे बाहेर जाते. नळी तुंबली, जाळीवर धूळ साचली, की ओल टिकते व बुरशी वाढते. तिचे सूक्ष्म बीजाणू खोलीभर पसरतात. कुणाला शिंका येतात, कुणाचे नाक चोंदते. दमेकऱ्याला धाप लागते. क्षयरोगाने फुप्फुसात पोकळी राहिलेल्यांनी व दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी विशेष जपावे.

वापर चालू असताना दर १५ दिवसांनी, वीज बंद करून, जाळी धुवावी व पूर्ण वाळवूनच बसवावी. कॉइल, ट्रे आणि नळी मेकॅनिककडून साफ करून घ्यावी. एसी बंद करण्यापूर्वी अर्धा तास नुसता पंखा चालवावा, म्हणजे आतली ओल सुकते. उदबत्तीने वास झाकतो, बुरशी जात नाही. उलट धुराने दमा बळावतो. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

दुसऱ्या खोलीत निजल्यावर खोकला कमी होतो का, हे पाहून डॉक्टरांना सांगा. दम्याचा इनहेलर मात्र आपल्या मनाने थांबवू नका. खोकल्यातून रक्त पडले किंवा धाप वाढली, तर एसीची सफाई नंतर. आधी दवाखाना गाठा.