आटलेला स्वेटर पुन्हा मापात येईल का?

गेल्या थंडीतली गोष्ट. आठवीत शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने एका रविवारी आपले कपडे आपणच धुण्याचे मनावर घेतले. हेतू चांगला होता. त्याने बादलीत कढत पाणी घेतले, मूठभर धुण्याची पावडर टाकली आणि नवा सुती सदरा व आत्याने विणलेला लोकरीचा स्वेटर असे दोन्ही कपडे त्यात बुडविले. मग ते खसाखसा चोळले, धोपटले, पिळले आणि उन्हात टाकले.

संध्याकाळी पाहतो तो काय! सदऱ्याच्या बाह्या मनगटाच्या दोन बोटे वर गेलेल्या आणि स्वेटर धाकट्या बहिणीला बसेल एवढाच उरलेला! आत्या पंधरा दिवसांनी यायची होती. तिने महिनाभर खपून विणलेल्या स्वेटरची ही दशा तिला कशी दाखवायची?

"काका, हे पुन्हा पहिल्यासारखे होतील का?" त्याने रडवेल्या चेहऱ्याने विचारले.

मित्रांनो, दोन्ही कपडे एकाच बादलीत आटले, पण त्यांच्या आटण्याची कारणे मात्र निरनिराळी होती. म्हणून या प्रश्नाला उत्तरेही दोन आहेत.

आधी सदऱ्याचे पाहू. कापसाचा तंतू मुख्यतः सेल्युलोज या पदार्थाचा असतो. सूत कातताना तो ताणला जातो, मागावर ताणला जातो, रंग आणि खळ देतानाही ताणला जातो. अशा ताणलेल्या स्थितीतच कापड वाळते. कवायतीत तुम्ही 'सावधान' म्हणताच ताठ उभे राहता ना, तशी नव्या कापडातील सुताची अवस्था असते. पाण्यात पडताच त्याला 'विश्राम' मिळतो आणि ताण सुटून ते मूळच्या लांबीकडे परत येते.

शिवाय आणखी एक गोष्ट घडते. कापसाचा तंतू पाणी पिऊन फुगतो. तो जाडीला बराच वाढतो, लांबीला मात्र जेमतेम. कापडातील प्रत्येक उभा धागा आडव्या धाग्यांच्या वरून-खालून वळणे घेत जातो. आडवे धागे फुगले की त्यांना वळसा घालण्यासाठी उभ्या धाग्याची अधिक लांबी खर्ची पडते, आणि तेवढे कापड आखूड होते. कपडे वाळत घालण्याची पीळदार सुती दोरी पावसात भिजली की ताठ होते, तीही अशाच फुगण्यामुळे.

यात तंतूंची मोडतोड झालेली नाही, म्हणून इलाजही सोपा आहे. सदरा ओलसर करावा, दोघांनी दोन बाजूंनी धरून सावकाश ताणावा आणि ओलसर असतानाच इस्त्री करावी. तो बराचसा मापात येतो. मात्र पुढच्या धुण्यात पुन्हा थोडा आटतो, तेव्हा ही मेहनत दर वेळी आली! यावर अमेरिकेतील सॅनफर्ड क्लुएट यांनी १९३० च्या सुमारास एक युक्ती काढली. कापड गिऱ्हाइकाच्या घरी आटण्याऐवजी गिरणीतच आटवायचे! ओलसर कापड रबरी पट्टा आणि तापलेले रूळ यांच्यामध्ये दाबून ते लांबीत आखडून घेतात. या प्रक्रियेला त्यांच्या नावावरून 'सॅन्फोरायझिंग' म्हणतात.

आता स्वेटरकडे वळू. त्यासाठी एक प्रयोग करा. डोक्याचा एक लांब केस घ्या. त्याचे मुळाकडचे टोक कोणते, हे लक्षात ठेवा. केस चिमटीत धरून आधी मुळाकडून टोकाकडे बोटे ओढा, मग उलट ओढा. दुसऱ्या वेळी केस किंचित खरखरीत लागेल. आता तो अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये त्याच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे चोळा. तुम्ही दोन्हीकडे सारखेच चोळत असलात, तरी केस मात्र एकाच दिशेने, मुळाचे टोक पुढे करून, सरकत जाईल!

असे का होते? केस काय किंवा लोकर काय, दोन्ही केराटीन नावाच्या प्रथिनाची बनलेली असतात आणि दोन्हींवर घराच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात. खवल्यांच्या मोकळ्या कडा टोकाकडे असतात. त्यामुळे तंतू मुळाच्या बाजूने पुढे सहज जातो. उलट जाऊ लागला की कडा अडतात. कढत साबणाच्या पाण्यात लोकर मऊ व लवचीक होते आणि खवले उचलले जातात. त्यात चोळणे, पिळणे आले की प्रत्येक तंतू पुढे सरकतो, शेजाऱ्यांत घुसतो आणि तिथेच अडकतो. तंतूची लांबी कमी होत नाही, त्यांचा गुंता होतो. काश्मीरचे नमदे मुद्दाम असाच गुंता करून बनवितात. ते विणावे लागत नाहीत. आपल्या पुतण्याने नकळत नमदाच केला होता!

मग आशा मुळीच नाही का? स्वेटर उजेडात धरून पाहा. टाके वेगवेगळे दिसत असतील, तर गुंता अजून सैल आहे. टाके एकमेकांत मिसळून जाड कांबळ्यासारखे झाले असतील, तर ते सुटणार नाहीत.

सैल गुंत्यावर उपाय असा. कोमट पाण्यात केसांना लावण्याचे कंडिशनर दोन चमचे कालवावे व स्वेटर अर्धा तास भिजत ठेवावा. कंडिशनरचे धनभारित रेणू लोकरीच्या ऋणभारित पृष्ठाला चिकटतात आणि तंतूंमधील घर्षण कमी करतात. मग न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे. नीट बसणाऱ्या दुसऱ्या स्वेटरची आकृती जुन्या चादरीवर आखावी, ओला स्वेटर तिच्यावर पसरून थोडा थोडा ताणावा, कडांवर वजने ठेवून सावलीत वाळवावा.

ओली लोकर ताणली का जाते? लीड्स येथे विल्यम ॲस्टबरी यांनी १९३० नंतरच्या दशकात क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखविले, की लोकरीतील रेणू मुडपलेले असतात आणि ताणल्यावर ते उलगडतात. ते मळसूत्राप्रमाणे वळलेले असतात, हे १९५१ साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. पाण्याने या रेणूंमधील हायड्रोजन बंध सुटतात व वाळताना नव्या जागी जुळतात. ओल्या केसांची वेणी वाळल्यावर सोडली, तर केस नागमोडी होतात आणि पुन्हा धुतले की सरळ होतात, हे मुलींना ठाऊक आहेच. स्वेटरही पुढच्या धुण्यात पुन्हा आखडतो.

पुतण्याने हा उपाय तीनदा केला. अंगाचा भाग बराच सैल झाला, पण काखेपाशी आणि मनगटांपाशी, जिथे त्याने सर्वांत जास्त चोळले होते, तिथे लोकर जशीच्या तशी घट्ट राहिली. स्वेटर बहिणीकडे गेला. आत्या आली तेव्हा त्याने काही न लपविता सारे सांगितले. "आता पुढचा स्वेटर तूच धुवायचा, पण गार पाण्यात, रिठ्याने, न चोळता," एवढेच ती म्हणाली, आणि तिने सुया काढल्या.

तुम्हीही एक करून पाहा. खळीच्या कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा घ्या, त्यावर बरोबर २० सेंटिमीटर बाजूचा चौकोन पेन्सिलीने आखा, धुऊन वाळवा आणि पुन्हा मोजा. उभ्या धाग्यांच्या दिशेने तो अधिक आटला की आडव्या? आणि का?