फक्त दहा बॉल!

अप्रेजलचं रेटिंग बघून माझं तोंड उतरलं, तसं ग्रुपने मला गाडीत कोंबलं आणि थेट जव्हारजवळचं दाभोसा गाठलं. लेंडी नदी साधारण 300 फुटांवरून खाली कोसळते. त्या धबधब्यासमोर आमची दगड भिरकावायची स्पर्धा लागली. तिसऱ्याच दगडाला माझा खांदा धरला. माऊस चालवणाऱ्या हाताचं आणखी काय होणार?

मग विषय निघाला फेकणाऱ्या हातांचा. अमेरिकन क्लायंट सांभाळणारा मित्र सुरू झाला, "रिंकू सिंग माहितीये? यूपीचा भालाफेकपटू. बेसबॉल कधी खेळलाच नव्हता. 2008 मध्ये पिचिंगची एक स्पर्धा जिंकला आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला करारबद्ध केलं! पुढे दुखापतींनी गाठलं आणि गडी कुस्तीत गेला."

जीपवाले दादा हसले. "एवढ्या लांब कशाला जाता? शार्दूल आपल्याच पालघरचा ना!"

खरंच की! शार्दूल ठाकूर शाळकरी वयात किटबॅग घेऊन मुंबईला यायचा, तेव्हा विरारच्या पुढे लोकलच नव्हती. डहाणूपर्यंतची लोकल सुरू झाली 2013 मध्ये. 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून परतला, तेव्हाही साहेब अंधेरीहून लोकल पकडून घरी गेले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हैदराबादला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली टेस्ट. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, तो दिवस. दहा बॉल टाकले, जांघेचा स्नायू दुखावला आणि लंगडत बाहेर. त्या मॅचमधली बॉलिंग संपली त्याच्यासाठी. विचार करा, नव्या जॉबच्या पहिल्याच दिवशी लंचच्या आधी घरी!

दुसरी टेस्ट मिळायला जानेवारी 2021 उजाडला. ब्रिस्बेन. अर्धी टीम जखमी, म्हणून नंबर लागला. पठ्ठ्याने दोन्ही डावांत मिळून 7 विकेट काढल्या. 6 बाद 186 वर बॅटिंगला आला, 67 रन ठोकले आणि वॉशिंग्टन सुंदरबरोबर 123 रनांची पार्टनरशिप केली. 1988 पासून ऑस्ट्रेलिया त्या मैदानावर टेस्ट हरली नव्हती. ती हरली.

मधली सव्वादोन वर्षं त्याच्या रेझ्युमेवर टेस्ट बॉलिंगच्या रकान्यात होते फक्त ते दहा बॉल. माझं तर एकच क्वार्टर वाईट गेलंय, बॉस!

सोमवारी रेटिंग अर्थातच बदललं नव्हतं. खांद्याला बाम चोळला आणि 8.04 पकडली.