भाड्याने द्यायचं घर: आधी पाणी, मग वीज, शेवटी रंग

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत १९८० आणि ९०च्या दशकांत बांधलेल्या तीन-चार मजली सोसायट्या पुष्कळ आहेत. मोझेकची फरशी, कडाप्प्याचा ओटा, जीआयचे पाइप आणि खोलीत जेमतेम एखादा प्लग, असे तिथले फ्लॅट. त्यांतले कितीतरी आज भाड्याने दिलेले असतात. जुना भाडेकरू गेला की मालकापुढे दोन वाटा दिसतात. घर आहे तसंच द्यायचं, नाहीतर सगळं फोडून नवं करायचं. पहिल्या वाटेने घर रिकामं पडतं, दुसरीने खर्च वसूल व्हायला वर्षं जातात. शहाणपणाची वाट या दोन्हींच्या मधली आहे.

आधी हिशेब

समजा, भाडं २०,००० रुपये आहे. घर दोन महिने रिकामं राहिलं तर ४०,००० रुपये गेले. आता १,२०,००० रुपये खर्चून भाडं २,००० रुपयांनी वाढवलं, तर तो खर्च निघायला ६० महिने लागतील. त्याऐवजी ४५,००० रुपयांत घर धड केलं आणि ते दोन महिने आधी लागलं, तर बहुतेक खर्च तिथेच भरून निघतो. म्हणून भाडं किती वाढेल याआधी घर किती लवकर लागेल आणि भाडेकरू किती काळ टिकेल हे विचारावं.

प्राप्तिकराचा नियमही इथे लक्षात घ्यावा. मिळालेल्या भाड्यातून भरलेला मिळकतकर वजा केल्यावर जी रक्कम उरते, तिच्यावर दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के वजावट मिळते. प्रत्यक्षात दहा हजार खर्च केले काय आणि दोन लाख काय, वजावट तेवढीच.

पाणी

पहिला पैसा गळतीवर घालावा. ओल तशीच ठेवून वरून पुट्टी आणि रंग चढवला, तर पुढच्या पावसाळ्यात पोपडे आलेच. आधी ओल कुठून येते ते शोधावं. गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येत असेल, तर सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार ती दुरुस्ती सोसायटीने करायची असते. तिथे लेखी अर्ज द्यावा, स्वतःचे पैसे ओतू नयेत. बाथरूम, संडास किंवा सिंकमधून होणारी गळती मात्र फ्लॅटमालकाची जबाबदारी. वॉटरप्रूफिंग झालं की नहाणी ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये २४ तास पाणी भरून ठेवावं आणि खालच्या फ्लॅटचं छत पाहावं. ही चाचणी झाल्याशिवाय गवंड्याचा हिशेब पुरा करू नये.

जुने जीआयचे पाइप आतून गंजतात आणि पाण्याची धार बारीक होते. नळ बदलून ती वाढत नाही. फरशी फोडायचीच असेल तर त्याच वेळी सीपीव्हीसी पाइप टाकून घ्यावेत. वॉशिंग मशीनसाठी नळ, निचरा आणि प्लग एका जागी दिले, की फार थोड्या खर्चात घराची सोय कितीतरी वाढते.

वीज

तीस वर्षांपूर्वीचं वायरिंग पंखे, ट्यूब आणि टीव्हीच्या हिशेबाने केलेलं होतं. आज त्यावर गीझर, मायक्रोवेव्ह, एसी आणि दोन लॅपटॉप चालतात. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं. दिव्यांना १.५, पॉवर पॉइंटला २.५ आणि एसी-गीझरला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असावी. मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. विजेचा धक्का बसताच तो पुरवठा तोडतो. भाडेकरूला तो दिसणार नाही, पण त्याच्या लेकराबाळांचा जीव त्यावर अवलंबून आहे. त्याच काळजीने सांगतो, बंद बाथरूममध्ये गॅस गीझर कधीही बसवू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. त्याने माणसं दगावली आहेत.

पंखा बदलायचाच असेल तर बीएलडीसी घ्यावा. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, हा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालला तर महिन्याला पंख्यामागे १६ युनिट वाचतात. घर दाखवताना हे आवर्जून सांगावं, कारण वीजबिल भाडेकरू भरतो.

ओटा, फरशी, रंग

कडाप्प्याचा ओटा भक्कम असेल तर तो काढू नये. स्टीलचा खोल सिंक, ओट्यामागे दोन फूट टाइल्स, एक्झॉस्ट फॅन आणि खाली अॅल्युमिनियमच्या चौकटीची दारं एवढं पुरतं. भाड्याच्या घरात साध्या प्लायच्या ट्रॉल्या टाळाव्यात. ओल लागली की फुगतात आणि वाळवीला आमंत्रण देतात.

मोझेकची फरशी ही अशा घरांची दौलत आहे. सांधे भरून, मशीनने घासून पॉलिश केली की ती उजळते आणि नव्या टाइल्सच्या मानाने खर्च फारच कमी येतो. फरशीवर फरशी चढवली तर उंची वाढते, दारं तासावी लागतात आणि इमारतीवर वजन पडतं. जुन्या इमारतीत भिंत हलवणं किंवा अवजड काम काढणं तर सोसायटीच्या परवानगीशिवाय आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्याशिवाय करूच नये.

रंग सगळ्यात शेवटी. सगळ्या खोल्यांना एकच फिकट, धुता येणारा इमल्शन द्यावा आणि त्याचा शेड नंबर लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी डागापुरता हात मारता येतो. खिडक्यांना मच्छरजाळी, कपडे वाळत घालायला पुली आणि दाराला चांगलं कुलूप, ही छोटी कामं विसरू नयेत.

कागद आणि वेळ

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. पंखे, गीझर, नळ, किल्ल्या यांची यादी आणि सद्यस्थितीचे फोटो कराराला जोडले, तर घर सोडताना वाद होत नाहीत.

दिवाळीनंतर भिंती सुकतात, म्हणून कामाला तीच वेळ योग्य. तेव्हा सुरुवात केली तर शाळा-कॉलेजांच्या प्रवेशांमुळे घरांची शोधाशोध सुरू होण्याआधी, म्हणजे एप्रिलपर्यंत, घर तयार होतं. जाहिरात देण्यापूर्वी दोन दिवस त्या घरात स्वतः राहून बघा. आंघोळ करा, कुकर लावा, कपडे वाळत घाला, रात्री दार लावून झोपा. जे खुपेल ते आधी दुरुस्त करा. ज्या घरात आपल्याला दोन दिवस सुखाने राहता येत नाही, त्याचं भाडं मागण्याचा हक्क आपल्याला नाही.